डिकीतली ‘ती’ बॅग

सुट्ट्या लागल्या की घराघरांत सहलीची गडबड सुरू होते. दशम्या, चिवडा, पुऱ्या, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, छोटीला गाडी लागते म्हणून आवळा सुपारी... ही सगळी यादी बाईच्या डोक्यात असते. आठ दिवस आधीपासून ती एकेक वस्तू आठवून आठवून भरत असते. पण एक बॅग तिच्या यादीत कधीच नसते. ती सगळ्यात शेवटी येते आणि डिकीच्या कोपऱ्यात गुपचूप जाऊन बसते. ‘‘अहो, ही कसली बॅग?’’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘‘काही नाही गं, थंडा आहे.’’

मैत्रिणींनो, हा ‘थंडा’ काय असतो ते तुम्हाला, मला, सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्याच बॅगेबद्दल बोलायचंय. ज्या गोष्टीबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जात नाही, तिचा त्रास बाईच्या वाट्याला जास्त येतो, असा माझा इतक्या वर्षांच्या कामातला अनुभव आहे.

पिशवीची झाली पेटी

पूर्वी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि घरातले चार स्टीलचे ग्लास, एवढाच तो सरंजाम असायचा. आता त्याला रुबाब आलाय. चामड्याची किंवा रेक्झिनची छान पेटी मिळते. आत खाचा केलेल्या, एकेका खाचेत ग्लास, पेय हलवायचं झाकणाचं भांडं, मापाचा छोटा पेला, गाळणी, बाटली उघडायची चावी, लांब दांड्याचा चमचा. ‘ट्रॅव्हल बार’ म्हणजे फिरता बार! वाढदिवसाला, निवृत्तीला, अगदी लग्नातही ही पेटी भेट म्हणून दिली जाते.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं देशभर दारूबंदी होती. त्या काळात खिशात बसणाऱ्या चपट्या बाटल्यांना तिथे भलतीच मागणी आली. जर्मनीत त्याच सुमाराला झेपेलिन नावाच्या अवाढव्य हवाई जहाजाच्या आकाराचे प्रवासी बार तयार होत. वरून पाहावं तर शोभेची वस्तू, आणि उघडलं की आतून पेले, गाळणी, चमचे असा सगळा संसार बाहेर! ते श्रीमंतांचे षौक होते. आपल्याकडे हा षौक आता मध्यमवर्गाच्या डिकीत येऊन पोहोचलाय.

वस्तू म्हणून पेटी सुबक असते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा आहे, की ती कुटुंबाच्या सहलीत उघडली की बाकीच्यांचं काय होतं?

सहल कुणाची?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा सहलींचा विषय निघाला. कर्जाचे हप्ते बाजूला राहिले आणि बायका भडाभडा बोलायला लागल्या. एक जण म्हणाली, ‘‘ताई, सहल त्यांची असते. आम्ही फक्त चकणा तळायला जातो.’’ सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात फार काही होतं.

बघा ना, बर्फ कुठे मिळेल ते विचारायला मुलाला पाठवायचं. लिंबं चिरायची, काकडी-कांदा कापायचा, शेंगदाणे भाजायचे. पुरुष मंडळी गच्चीवर किंवा झाडाखाली बसली, की मुलांना त्यांच्यापासून लांब खेळवायचं. जेवण चार वेळा गरम करायचं, कारण ‘आत्ता येतो’ म्हणजे दोन तास! शेवटी ग्लासही आपणच विसळायचे आणि खोलीत कुणाचा आवाज चढला तर शेजारच्या खोलीतल्यांची माफीही आपणच मागायची. वर्षातून एकदा मिळणारे तीन दिवस असे गेले, तर ती सहल झाली की नुसती जागा बदललेली स्वयंपाकघराची पाळी?

मी काही कुणाच्या ग्लासात डोकावायला निघालेले नाही. आता कित्येक घरांत नवरा-बायको मिळून घेतात, शहरातल्या मुलीही घेतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण बॅग सगळ्यांच्या गाडीत जात असेल, तर तिचा निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

गोड चव फसवी

कॉकटेल म्हणजे दारूत फळांचा रस, सोडा, साखरेचा पाक असं काहीबाही मिसळून केलेलं पेय. त्यातली मेख अशी, की गोडव्याखाली दारूची चव लपते आणि किती पोटात गेली त्याचा अंदाजच राहत नाही. ‘‘अगं वहिनी, घे की थोडं, सरबतासारखंच आहे,’’ असं म्हणून सहलीत बायकांनाही आग्रह होतो. घ्यायचं नसेल तर सरळ ‘नको’ म्हणा. ‘नको’ला कारण द्यावं लागत नाही. आणि घेणाऱ्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावं, बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं. त्यामुळे तेवढ्याच पेयाने तिच्या रक्तातलं दारूचं प्रमाण जास्त चढतं.

आता थोडा हिशेब करू. व्हिस्की, रम अशा ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका लहान पेगमध्ये, साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एवढं निपटायला यकृताला ढोबळमानाने तासभर तरी लागतो. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, यातल्या कशानेही तो वेळ कमी होत नाही. कॉफीने माणूस जागा होतो, शुद्धीवरचा होत नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही.

प्रवासात आणखी दोन गोष्टींचं भान हवं. गाडी लागू नये म्हणून ज्या गोळ्या घेतात त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. त्यांवर दारू घेतली तर गुंगी कितीतरी वाढते. आणि उन्हाळ्यात दारूने लघवीला जास्त होऊन शरीरातलं पाणी कमी होतं. ‘उन्हात थंडगार बिअर’ जिभेला गार लागते. पण उलट तहान वाढवते. धरणावर, समुद्रावर गेल्यावर प्यायलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. पोहता येणाऱ्याचाही अशा वेळी अंदाज चुकतो.

कोल्ड्रिंकच्या बाटलीचा घात

त्याच बैठकीत आणखी एक जण बोलली, तेव्हा मात्र सगळ्या गप्प झाल्या. लोकांना दिसू नये म्हणून दीरांनी दारू कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून ठेवली होती. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला तहान लागली. गाडीत समोर ओळखीची बाटली दिसली, पोरगं गटागटा प्यायलं. अर्ध्या तासात उलटी, मग अंग गळालं, हाक मारली तरी डोळे उघडेना. जवळच्या गावातल्या दवाखान्यात वेळेत पोहोचले म्हणून निभावलं. ‘‘डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायलाय? तर सांगायला कुणी तयार होईना, ताई,’’ ती म्हणाली.

मैत्रिणींनो, लहान मुलाच्या पोटात दारू गेली तर त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरू शकते, श्वास मंदावू शकतो, फिट येऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. मीठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मुलाला कुशीवर झोपवा आणि तडक दवाखान्यात न्या. काय प्यायलं, अंदाजे किती आणि कधी, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जमलं तर बाटलीही बरोबर न्या. तिथे अब्रूचा विचार करायचा नसतो.

म्हणून पहिला नियम. दारू तिच्या मूळ बाटलीतच राहिली पाहिजे. पाण्याच्या, सरबताच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ती कधीही, कुणीही भरायची नाही. लपवण्यापायी लेकराचा जीव धोक्यात घालणारा शहाणपणा आपल्याला नको.

गाडी कोण चालवणार?

सगळ्यात मोठा प्रश्न हा. मोटार वाहन कायद्यातलं कलम १८५ सांगतं, की चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५ हजारांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद.

‘‘मी एकच घेतलाय’’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पण ७० किलो वजनाच्या पुरुषाने ६० मिलिलिटर, म्हणजे एकच मोठा पेग, भराभर घेतला तरी तो ही मर्यादा ओलांडू शकतो. शिवाय अपघात झाला आणि चालक प्यायलेला निघाला, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारू शकते. माणसांच्या नुकसानीची भरपाई तर कुठलीच कंपनी करू शकत नाही.

आमच्या गटातल्या एकीने यावर चांगला तोडगा काढला. तिने चाळिशीत गाडी शिकून लायसन काढलं. सुरुवातीला सासरे म्हणायचे, ‘‘या वयात कशाला हे?’’ पुढच्याच सहलीत परतताना भावजींचे डोळे तांबारलेले दिसले, तेव्हा तिने शांतपणे हात पुढे केला आणि म्हणाली, ‘‘चावी द्या भावजी, मी चालवते.’’ आवाज चढवला नाही, भांडण नाही. मागे बसलेले सासरेच म्हणाले, ‘‘दे रे तिला.’’ सगळे सुखरूप घरी आले. प्रत्येकीला गाडी येत नसेल. पण ड्रायव्हरची सोय करणं, मुक्काम एक रात्र वाढवणं, नाहीतर ‘मुलांना घेऊन मी एसटीने येते’ असं ठणकावून सांगणं, एवढं तर आपल्या हातात आहे. वाटेत काही झालंच तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक पाठ ठेवा.

सीमा ओलांडताना

बॅग गाडीत असली की नकाशाही वेगळा पाहावा लागतो. गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. नाशिककडून सापुताऱ्याला जाणारे, सरदार पटेलांचा पुतळा पाहायला केवडियाला जाणारे, सोमनाथ-द्वारकेला निघालेले, सगळ्यांना हा नियम लागू. बाहेरच्या पर्यटकांना तिथे रीतसर परवाना मिळू शकतो. पण डिकीत लपवलेली बाटली म्हणजे परवाना नव्हे. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. गयेला पिंडदानाला जाताना ही बॅग बरोबर नेण्याइतका अविचार कुणी करू नये. या राज्यांत दारूबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. मग बायका-मुलांनी परक्या गावात रस्त्यावर उभं राहायचं!

आपल्या महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये लोकांच्या चळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे सेवाग्रामला किंवा मार्कंड्याच्या देवळाला निघालात, तर ती बॅग घरीच राहू द्या.

गोव्याचं तर विचारूच नका. तिथे स्वस्त मिळते म्हणून परतताना डिकी भरली जाते. पण त्या बाटल्यांवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. महाराष्ट्राचा कर न भरता त्या इकडे आणणं गुन्हा आहे. सावंतवाडीच्या अलीकडे बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याचे लोक गाड्या तपासतात. देवदर्शन करून आलेलं अख्खं कुटुंब चार बाटल्यांपायी नाक्यावर ताटकळत बसलेलं कसं दिसेल?

आणि हेही बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आयुष्यभराचा असे प्रकार आहेत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही तरतूद आजही आहे. विमानाचंही तसंच. मोठ्या सामानात सीलबंद बाटल्या ठराविक प्रमाणात नेता येतात. पण स्वतःची दारू विमानात बसून पिता येत नाही.

बोलायचं कसं?

‘‘ताई, हे सगळं खरं, पण घरात बोलायचं कसं? सहलीचा विचका होतो,’’ असं तुम्ही म्हणाल. गाडी सुटल्यावर, चारचौघांत, त्यांच्या मित्रांसमोर बोललं तर विचका होणारच. म्हणून सहल ठरते त्या दिवशी, घरात, शांतपणे चार गोष्टी विचारा.

एक, ही बॅग येणार आहे का? येणार असेल तर तसं स्पष्ट सांगा, ‘थंडा’ म्हणू नका.

दोन, गाडी चालवणारा कोण? त्याने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत बसायचं नाही. रात्रीची दारू सकाळीही रक्तात असू शकते.

तीन, कुठे आणि कधी? चालत्या गाडीत नाही, किल्ल्यावर नाही, देवस्थानी नाही, पाण्याच्या काठी नाही, मुलांसमोर नाही. आपल्या शिवबांच्या गडांवर फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचताना मुलामुलींना मी पाहिलंय. पुढच्या पिढीला हाच वारसा द्यायचा का?

चार, आवराआवर कोण करणार? ज्यांची बैठक, त्यांचे ग्लास!

आणि या चार प्रश्नांवरून घरात आरडाओरडा झाला, हात उगारला गेला, किंवा दारूशिवाय एकही सहल, एकही सण होत नाही असं ध्यानात आलं, तर तो प्रश्न सहलीपुरता उरलेला नाही. तो आजार आहे आणि त्याच्यावर उपचार आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथून आजवर कितीतरी संसार सावरले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा लहान गावांतही भरतात. पिणारा यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला. मारहाण होत असेल तर गप्प बसू नका, १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करा.

आपली सरबताची पेटी

त्यांची पेटी असते, मग आपली का नको? एका डब्याच्या पिशवीत कोकमाचं गोड सरबत, कैरीच्या पन्ह्याचा गर, चार लिंबं, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि पुदिन्याची पानं घ्या. पन्ह्यासाठी कैरी उकडून गर काढा. गराच्या दुप्पट गूळ, वेलची आणि चवीला मीठ घालून घट्टसर गर बाटलीत भरा. बर्फाच्या डब्यात तो दिवसभर छान राहतो. पाणी मात्र घरून उकळून गार केलेलं न्या. कुणाला जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जीवनजल औषधाइतकंच मोलाचं.

थांबलात की आधी ही पेटी उघडा. जिरं-सैंधवाचं कोकम हातात आलं की पुरुष मंडळीही ‘वा!’ म्हणतात, हे मी पाहिलंय. पोट भरलेलं, तहान भागलेली असली की त्या दुसऱ्या बॅगेकडे हात जरा उशिरा आणि जरा कमी जातो.

आपल्या राज्यात बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मतं देऊन गावंच्या गावं दारूच्या दुकानांतून सोडवली आहेत. निवेदनावर सह्या केल्या, मतदानाला रांगा लावल्या, निम्म्याहून अधिक मतं मिळवली आणि दुकानाला टाळं लावलं. ज्या बायका अख्ख्या गावाचा निर्णय बदलू शकतात, त्यांना आपल्याच गाडीच्या डिकीत काय आहे ते विचारायला कसला संकोच? पुढची सहल ठरली, की सामानाची यादी करायला दोघं मिळून बसा आणि त्या बॅगेचं नावही त्या यादीत लिहा. नाव लिहिलं की बोलणं आपोआप सुरू होतं.